कला-इतिहास, प्रदर्शनं आणि समीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कला-इतिहास शिकवते आणि प्रदर्शनांवर लिहिते. दोन्हीकडून तेच तेच प्रश्न येत राहतात: तास संपल्यावर दाराशी रेंगाळणाऱ्या विद्यार्थ्यांकडून, परीक्षण वाचून चिडलेल्या चित्रकारांकडून, प्रदर्शन पाहून गोंधळलेल्या वाचकांकडून. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध येतो तिथे फक्त क्रमांक दिला आहे, म्हणजे तेच दळण पुन्हा दळायला नको.

१. कला-इतिहास, समीक्षा, रसग्रहण हे सगळं एकच ना?

इतिहासकार विचारतो: हे कधी झालं, कोणासाठी झालं, कशानं झालं आणि आपल्यापर्यंत कसं पोचलं? समीक्षक विचारतो: हे आत्ता माझ्यासमोर काय करतंय, आणि ते जमलंय का? रसग्रहण म्हणजे दुसऱ्याला हात धरून चित्राजवळ नेणं. कागदावर हे वेगळं दिसतं, लिहिताना सगळं एकमेकांत मिसळतं. जॉर्जो वाझारीनं १५५० मध्ये इटलीतल्या कलावंतांची चरित्रं छापली. तो स्वतः चित्रकार होता आणि फ्लॉरेन्सकडे त्याचं झुकतं माप होतं. लिहिला इतिहास, पण त्यात पानोपानी निवाडे आहेत. उलट फ्रेंच लेखक दनी दिदरोनं १७५९ पासून पॅरिसच्या सलोंवर, म्हणजे तिथल्या अधिकृत चित्रप्रदर्शनांवर, परीक्षणं लिहिली. ती एका हस्तलिखित पत्रिकेतून परदेशातल्या मोजक्या दरबारांत जात. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांना ती चित्रं कधी दिसणारच नव्हती, म्हणून त्याला आधी चित्र शब्दांत उभं करावं लागे आणि मग भांडावं लागे. आज त्याच परीक्षणांकडे इतिहासकार पुरावा म्हणून बघतात.

वाचकानं चित्र पाहिलेलं नाही असं धरून लिहायचं, ही सवय मी दिदरोकडूनच उचलली. पुढच्या बऱ्याच उत्तरांत ती डोकावेल.

२. मला साधा आंबासुद्धा काढता येत नाही. तरी हा विषय घेऊ का?

घ्या. एकोणिसाव्या शतकातला इटालियन कलापारखी जोव्हानी मोरेल्ली वैद्यक शिकलेला होता. अज्ञात चित्र कोणाचं हे ठरवताना चेहरे आणि हावभाव सोडून कानाची पाळी आणि नखं बघा, असं त्यानं सांगितलं, कारण तिथे चित्रकाराचा हात सवयीनं चालतो. याच नजरेनं त्यानं ड्रेस्डेनच्या संग्रहातली निजलेली व्हीनस व्हेनिसच्या जॉर्जोने या चित्रकाराची म्हणून ओळखली. तोपर्यंत ती कोणीतरी केलेली नक्कल समजली जात होती. हात चालत नसला तरी चालेल, पण रंग कसा वाळतो, कागद पाणी कसा पितो, छिन्नी कुठे अडते हे एकदा तरी स्वतः करून बघा.

३. वर्गात शिकवता काय? तारखा पाठ कराव्या लागतात का?

थोड्या. पंचवीस-तीस पुरतात, कपडे अडकवायच्या खुंट्यांसारख्या. १८४१ ही त्यातली एक. त्या वर्षी जॉन रँड या चित्रकारानं दाबता येणाऱ्या धातूच्या नळीचं पेटंट घेतलं. त्याआधी कालवलेला तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवत. एकदा टोचली की पिशवी नीट बंद होत नसे आणि रंग सुकून जाई. नळी आल्यावर रंग खिशात घालून शेतात जाता येऊ लागलं. पुढच्या पिढीनं उघड्यावर बसून जे रंगवलं, त्यामागे ही क्षुल्लक वाटणारी नळीही आहे. तारीख अशी काहीतरी उघडत असेल तरच मी ती फळ्यावर लिहिते.

बाकी वेळ तुलनेत जातो. पडद्यावर दोन प्रतिमा शेजारी ठेवायची रीत हाइन्रिश व्योल्फलिन या कला-इतिहासकारानं रूढ केली आणि ती अजून मोडलेली नाही. माझं आवडतं त्रिकूट डेव्हिडचं आहे, म्हणजे बायबलमधल्या गोफणीच्या दगडानं राक्षसी योद्ध्याला मारणाऱ्या पोराच्या तीन शिल्पांचं. पंधराव्या शतकातला दोनातेल्लोचा डेव्हिड लढाई संपवून, शत्रूच्या मुंडक्यावर पाय ठेवून उभा आहे. मायकेलअँजेलोचा, १५०४ मध्ये पुरा झालेला, अजून लढायला निघायचाय: गोफण खांद्यावर आहे आणि कपाळाला आठी. बर्निनीचा, १६२३-२४ चा, ऐन फेकण्याच्या क्षणी पिळवटलेला, ओठ आत घेतलेला. मी काहीही न सांगता एवढंच विचारते की दगड कुठे आहे. दहा मिनिटांत मुलं स्वतःच पंधराव्या शतकातून सतराव्यात पोचतात. शैलींची नावं त्यानंतर सांगितली की ती चिकटतात.

या पद्धतीत एक खोटही आहे. पडद्यावर पाच मीटरहून उंच मायकेलअँजेलो आणि माणसाएवढा बर्निनी सारख्याच उंचीचे दिसतात (प्रश्न ५ पाहा).

४. एका चित्रासमोर तासभर बसायला लावता म्हणे. तासभर बघायचं काय?

पहिली दहा मिनिटं कंटाळा, पुढची दहा चिडचिड. बघणं त्यानंतर सुरू होतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात झालेल्या एका पाहणीत प्रेक्षक एका कलाकृतीसमोर सरासरी २७ सेकंद थांबतात असं निघालं होतं, आणि निम्मे तर १७ सेकंदांतच पुढे सरकत होते. त्यात पाटी वाचायचा वेळही आला.

यान व्हान आइकचं अर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र घ्या. १४३४ साल, लंडनची नॅशनल गॅलरी, उंची जेमतेम ८२ सेंटीमीटर. आधी दोन माणसं, हातात हात, हिरवा झगा. मग कुत्रा, मग काढून ठेवलेले खडावांसारखे लाकडी जोडे. वर झुंबर आहे आणि भरदिवसा त्यात एकच मेणबत्ती जळतेय. खिडकीशी संत्री. एव्हाना पंधरा मिनिटं झालेली असतात. मग मागच्या भिंतीवरचा फुगीर आरसा. त्याच्या चौकटीत नखाएवढ्या दहा गोल प्रसंगांत ख्रिस्ताचा छळ आणि मृत्यू रंगवला आहे. आरशात जोडप्याची पाठ दिसते आणि दारातून आत येणारी आणखी दोन माणसं दिसतात, म्हणजे आपण उभे आहोत तिथली. आरशाच्या वर वळणदार अक्षरांत लिहिलंय की व्हान आइक इथे होता. आणि मग कधीतरी चाळिसाव्या मिनिटाला एखादी मुलगी म्हणते, "मॅडम, आरशात कुत्रा नाहीये."

खरंच नाहीये. का नाही, ते कोणी ठामपणे सांगू शकत नाही आणि मीही सांगत नाही.

या चित्रात अर्थ लावण्याबद्दलचा एक धडाही आहे. १९३४ मध्ये एर्विन पानोफ्स्की या कला-इतिहासकारानं मांडलं की हे चित्र म्हणजे लग्नाचा जणू दस्तऐवज आहे: मेणबत्ती देवाची, कुत्रा निष्ठेचा, दारातले दोघे साक्षीदार. पुढे कित्येक वर्षं सगळीकडे हेच शिकवलं गेलं. मग जुन्या कागदपत्रांत ज्या अर्नोल्फिनीचं हे चित्र समजलं जात होतं त्याच्या लग्नाची नोंद सापडली. ती होती १४४७ ची, चित्रकार वारल्यानंतर सहा वर्षांनी. आता बहुतेक जण त्याच्या चुलतभावाकडे बोट दाखवतात, आणि ही बायको चित्र झालं तेव्हा हयात नसावी असंही काही म्हणतात. पानोफ्स्कीनं टिपलेली मेणबत्ती मात्र जागच्या जागी आहे. म्हणून मी वहीत पान उभं दुमडायला सांगते: डावीकडे जे दिसतं ते, उजवीकडे जे वाटतं ते. उजवी बाजू खोडावी लागते, डावी राहते.

५. सगळं तर मोबाइलवर दिसतं. प्रत्यक्ष जायलाच हवं का?

शिकायला पडदा चालतो, परीक्षण लिहायला चालत नाही. पडद्यावर तीन गोष्टी हमखास हरवतात: आकारमान, पृष्ठभाग आणि शेजार. दालीची वितळती घड्याळं बहुतेकांच्या डोक्यात भिंतभर असतात, प्रत्यक्षात ते चित्र २४ बाय ३३ सेंटीमीटर आहे. पिकासोचं गेर्निका पावणेआठ मीटर रुंद आहे. मोबाइलवर दोन्ही अंगठ्याखाली मावतात.

हे मी शहाणपणानं सांगत नाही, तोंडघशी पडून शिकले आहे. सुरुवातीच्या काळात घाईत होते. एका दालनानं पाठवलेल्या छायाचित्रांवरून मी अर्धं परीक्षण आधीच लिहून ठेवलं आणि त्यात एका चित्राच्या "अंगावर येणाऱ्या विस्तारा"बद्दल दोन परिच्छेद खर्च केले. प्रत्यक्ष गेले तर ते चित्र पोस्टकार्डाएवढं. बघायला वाकावं लागत होतं आणि चित्रकाराला नेमकं तेच हवं होतं. दोन परिच्छेद रात्री काढून टाकले, पण एक वाक्य सुटलं आणि छापून आलं. चित्रकारानं काही म्हटलं नाही, नुसती पट्टी पाठवून दिली, शाळेतली, १५ सेंटीमीटरची. ती अजून माझ्या टेबलावर असते.

६. प्रदर्शनाचं परीक्षण लिहायचंय. सुरुवात कुठून करू?

उद्घाटनाच्या संध्याकाळी जाऊन नका करू. त्या दिवशी चित्रं कमी आणि लोकांच्या पाठी जास्त दिसतात. साध्या दिवशी जा, आणि जमलं तर दोनदा.

पहिली फेरी हात रिकामे ठेवून. कुठे पाय थांबले, कुठे न थांबता पुढे गेलात, एवढंच लक्षात ठेवा. दुसरी फेरी वही घेऊन. तेव्हा एकेका कामाइतकंच मांडणीकडेही बघा: आत शिरल्यावर पहिलं काय दिसतं, कशासमोर काय टांगलंय, कोणतं काम कोपऱ्यात ढकललंय, उजेड कुठून येतो. पांढऱ्या भिंती आणि मोकळी जागा हे काही निसर्गतः आलेलं नाही. त्या पांढऱ्या खोलीचाही एक दावा असतो, हे ब्रायन ओ'डोहर्टी या कलाकार-समीक्षकानं १९७६ मध्येच नीट उलगडून दाखवलं होतं. प्रदर्शन ही कोणीतरी रचलेली गोष्ट असते आणि परीक्षण त्या रचनेचंही असायला हवं. नाहीतर होतो तो सुट्या चित्रांवरच्या शेऱ्यांचा हार.

वहीत काय लिहायचं? "निळा" लिहून उपयोग नाही. कोणता निळा, कशाशेजारी, कसा लावलेला? माझ्या एका वहीतली नोंद अशी आहे: "खाली डावीकडे रंग कापडापर्यंत खरवडलाय, वीण दिसते. वर तोच रंग इतका जाड की स्वतःची सावली पडते. मध्ये सीमा नाही, फडक्यानं ओढल्यासारखं." तीन महिन्यांनीही या ओळींवरून मला ते चित्र उभं करता येतं. त्याच प्रदर्शनाच्या दुसऱ्या पानावर नुसतंच "अस्वस्थ करणारं" असं लिहिलंय. ते कोणत्या चित्राबद्दल होतं हे आता मलाही सांगता येणार नाही.

लिहून झालं की विशेषणं खोडून बघा. मग उरलेल्यात काही दिसतं का ते तपासा. "रंगांची मुक्त उधळण", "अंतर्मुख करणारा अनुभव", "रसिकांना वेगळ्या विश्वात नेणारं" ही वाक्यं कोणत्याही प्रदर्शनाला चालतात, म्हणून ती कुठल्याच प्रदर्शनाची नसतात. माझ्या विद्यार्थ्यांना "उधळण" हा शब्द वर्षातून एकदाच वापरायची मुभा आहे.

७. भिंतीवरची पाटी आणि कलाकाराचं निवेदन आधी वाचावं की नंतर?

नंतर. पण वाचावं जरूर. बघितलेलं आणि वाचलेलं यात फट दिसली तर बहुतेकदा परीक्षणाचा विषय तिथेच सापडतो. निवेदनातली वाक्यं उचलून परीक्षणात पेरणं मात्र सोडा, वाचकाला ती दारातच फुकट मिळतात. एक अपवाद आहे: काही कामांत मजकूर हाच कामाचा भाग असतो. तिथे पाटी हे चित्रच धरा.

८. परीक्षणात चांगलं-वाईट सांगायचं की नुसतं वर्णन करायचं?

सांगायचं. निवाडा टाळणारं परीक्षण म्हणजे पाहुण्यांची ओळख करून दिल्यासारखं होतं. फक्त निवाड्याचा पाया वाचकाला दिसला पाहिजे, म्हणजे त्याला तुमच्याशी भांडता येईल.

लुई लरुआ या फ्रेंच समीक्षकाचं उदाहरण मी दरवर्षी देते. एप्रिल १८७४ मध्ये पॅरिसला नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत मोने, रन्वार, देगा, पिसारो आणि इतरांनी स्वतःचं प्रदर्शन भरवलं. लरुआनं एका विनोदी नियतकालिकात त्याची खिल्ली उडवली. त्यानं एक काल्पनिक बुजुर्ग चित्रकार बरोबर घेतला, जो एकेक चित्र बघत हळूहळू वेडा होतो आणि शेवटी पहारेकऱ्यालाच चित्र समजून त्याच्यापुढे नाचतो. मोनेच्या "इम्प्रेशन, सूर्योदय" या चित्रावरून त्यानं या मंडळींना "इम्प्रेशनिस्ट" म्हटलं. त्याला हिणवायचं होतं, पण पुढे तेच नाव मानानं राहिलं. आता लरुआचा मजकूर नीट वाचा. तो म्हणतो की भिंतीच्या कागदाचा कच्चा नमुनासुद्धा या समुद्रचित्रापेक्षा जास्त पुरा केलेला असतो. चित्र "अपुरं" आहे, रंग खरवडल्यासारखे आहेत, गर्दीतली माणसं म्हणजे नुसते काळे डाग आहेत. हे सगळं त्यानं बरोबर पाहिलं होतं. निकाल चुकला, निरीक्षण नाही. म्हणूनच दीडशे वर्षांनी त्याच्याशी वाद घालता येतो.

इंग्रज समीक्षक जॉन रस्किनचं उलट झालं. १८७७ मध्ये व्हिसलरचं रात्रीच्या आतषबाजीचं चित्र बघून त्यानं लिहिलं की लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकायचे हा माणूस भरमसाट पैसे मागतो. व्हिसलरनं अब्रूनुकसानीचा दावा लावला. न्यायालयात विचारलं गेलं की दोन दिवसांच्या कामाचे एवढे पैसे? तो म्हणाला, आयुष्यभर मिळवलेल्या ज्ञानाचे. १८७८ मध्ये तो जिंकला, भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी, आणि खर्चानं त्याचं दिवाळं निघालं. रस्किन टर्नर या निसर्गचित्रकारावर लिहिताना ढग कसा विरतो ते पानभर दाखवू शकत असे. इथे त्यानं चित्राबद्दल काहीच सांगितलं नाही, फक्त राग सांगितला.

९. दुकानातली वस्तू आणून ठेवली तर ती कला कशी? हे तर माझा मुलगाही करेल.

या प्रश्नाला मी हसत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली एका संस्थेनं जाहीर केलं होतं की शुल्क भरेल त्याचं काम आम्ही लावू, निवड समिती नाही. कलाकार मार्सेल द्युशाँ स्वतः त्या संस्थेच्या संचालकांपैकी एक होता. "आर. मट" अशी सही करून चिनी मातीची मुतारी, नेहमीची बाजू बदलून, तिथे दाखल झाली. संस्थेनं ती लावली नाही. द्युशाँनं राजीनामा दिला. मूळ वस्तू हरवली, उरलं छायाचित्रकार स्टीग्लिट्झनं काढलेलं छायाचित्र. संग्रहालयांत आज दिसतात त्या पुढे केलेल्या प्रती. त्या मुतारीनं विचारलं होतं की तुमचा नियम खरा आहे का, आणि तो खरा नव्हता. मुलाला हे करता येईलही, पण त्यासाठी आधी असा नियम करणारी संस्था आणि तो मोडायचा तो नेमका दिवस लागेल.

वॉरहॉलचे १९६४ चे ब्रिलो साबणाचे खोके आणखी अवघड आहेत. दुकानातल्या खोक्यासारखेच दिसणारे, पण प्लायवूडचे, वर छापा मारलेले. तत्त्वज्ञ आर्थर डान्टो ते बघून घरी गेला आणि त्याच वर्षी लिहिलं की डोळ्यांना फरक दिसत नसेल तर कला ठरवणारी गोष्ट डोळ्यांपलीकडे, विचारांच्या आणि इतिहासाच्या वातावरणात असली पाहिजे. मला यातला खरा चटका वेगळाच वाटतो. दुकानातला मूळ खोका रेखाटणारा जेम्स हार्वी स्वतः अमूर्त चित्रकार होता, पोटासाठी वेष्टनं करायचा. त्याची चित्रं आज किती जणांना आठवतात?

म्हणून प्रत्येक ठेवलेली वस्तू थोर असते असं नाही. शंभर वर्षांनी तीच युक्ती करणाऱ्याला आपण विचारू शकतो की बाबा, तुझा नियम कोणता? उत्तर नसेल तर तसं परीक्षणात लिहायचं.

१०. अमूर्त चित्र मला समजत नाही. त्यात बघायचं काय?

"हे कशाचं चित्र आहे" हा प्रश्न दहा मिनिटं बाजूला ठेवा आणि "हे कसं झालं" ते विचारा. वासुदेव गायतोंडे यांचं एखादं नंतरच्या काळातलं मोठं चित्र मिळालं तर त्याच्यासमोर बसा. आधी एकच रंग दिसतो, पिवळा किंवा राखाडी. मग कळतं की तो एक रंग नाही, पातळ थर एकावर एक बसलेत आणि खालचा वरच्यातून झिरपतोय. कडेला रोलर थांबल्याची रेघ आहे. पॅलेट नाइफनं ओढून घेतलेली जागा आहे. मध्ये लिपीसारख्या खुणा आहेत, पण वाचायला गेलं की त्या निसटतात. कागदाचे तुकडे रंगावर दाबून उचलल्यानं असे ठसे उमटतात. हे सगळं डोळ्यांनी उलगडलं की "समजलं का" हा प्रश्न आपोआप मागे पडतो. आपल्या चित्राला ते अमूर्त म्हणत नसत, वस्तुनिरपेक्ष म्हणत. म्हणजे कशाला तरी सोलून काढलेला अर्क तिथे नाहीच, जे आहे ते समोर आहे.

आवडलंच पाहिजे असं काही नाही. मलाही पुष्कळ अमूर्त चित्रं शोभेच्या पडद्यासारखी वाटतात.

११. कलाकार ओळखीचा असेल तर परीक्षण लिहावं का?

नवरा, भाऊ, गुरू, ज्याच्या कॅटलॉगला तुम्ही मानधन घेऊन प्रस्तावना लिहिली तो, ज्याचं चित्र तुमच्या घरात टांगलंय तो: नाही. नुसती ओळख असेल तर लिहा, पण ती वाचकाला सांगा. हे क्षेत्र लहान आहे. ओळखीच्या सगळ्यांना वगळलं तर लिहायला कोणी उरणार नाही.

समीक्षक कलाकृतीच्या फार जवळ गेला की काय होतं याचं टोकाचं उदाहरण क्लेमंट ग्रीनबर्गचं आहे. शिल्पकार डेव्हिड स्मिथ १९६५ मध्ये वारला आणि त्याच्या मालमत्तेच्या विश्वस्तांत ग्रीनबर्ग होता. काही रंगवलेल्या शिल्पांवरचा रंग काढला गेला किंवा तो उन्हापावसात झडू दिला गेला. स्मिथचं रंगकाम ग्रीनबर्गला पसंत नव्हतं हे जगजाहीर होतं. १९७४ मध्ये समीक्षक रोझालिंड क्राउसनं हे छायाचित्रांसह उघडं केलं. एके काळी ती स्वतः ग्रीनबर्गच्याच प्रभावळीतली होती.

१२. जुन्या इतिहासात स्त्री चित्रकार दिसतच नाहीत. नव्हत्या का?

होत्या. त्या का दिसत नाहीत ते १७७१-७२ मधल्या एका चित्रात सरळ दिसतं. योहान झोफनीनं लंडनच्या रॉयल अकादमीच्या सभासदांचं समूहचित्र केलं. सगळे पुरुष नग्न मॉडेलभोवती जमलेत. अकादमीच्या संस्थापकांत दोन स्त्रियाही होत्या, अँजेलिका काउफमन आणि मेरी मोझर. त्यांना त्या वर्गात येऊ देणं शिष्टसंमत नव्हतं. मग झोफनीनं त्यांना उजव्या भिंतीवरच्या दोन पुसट व्यक्तिचित्रांत बसवलं. सभासद आहेत, पण तसबिरी होऊन. त्यानंतर अकादमीची पूर्ण सभासद व्हायला पुढच्या स्त्रीला १९३६ पर्यंत थांबावं लागलं.

शरीररेखाटन नाही म्हणजे ऐतिहासिक आणि पौराणिक चित्रं नाहीत, आणि त्या काळी मोठा चित्रकार त्यावरूनच ठरे. कला-इतिहासकार लिंडा नॉक्लिननं १९७१ मध्ये हाच मुद्दा मांडला: प्रतिभा शोधत बसू नका, वर्गाचं दार कोणाला उघडं होतं ते बघा.

आणि काही जणी होत्याच, फक्त दुसऱ्याच्या नावावर. सतराव्या शतकातल्या, हॉलंडमधल्या हार्लेमच्या यूडिथ लेस्टरची चित्रं तिथल्याच फ्रान्स हाल्स या चित्रकाराची म्हणून खपत होती. १८९३ मध्ये एका चित्रावर तिची खूण ओळखली गेली: आद्याक्षरं आणि एक चांदणी. तिच्या आडनावाचा अर्थच मार्गदर्शक तारा. चित्र तेच, भिंत तीच. सही वाचली तेव्हा चित्रकार सापडली. (मोरेल्लीच्या कानांसाठी प्रश्न २ पाहा.)

१३. तज्ज्ञही फसतात. मग तुमच्यावर विश्वास का ठेवायचा?

डोळे झाकून ठेवूच नका. १९३७ मध्ये सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हरमेअर याचा जाणता अभ्यासक अब्राहम ब्रेडिअस याला एक "नवं" चित्र दाखवलं गेलं आणि त्यानं ते व्हरमेअरच्या सर्वोत्तम कामांत बसवलं. रॉटरडॅमच्या संग्रहालयानं ते घेतलं. १९४५ मध्ये हान व्हान मेगेरेननं कबूल केलं की ते त्यानंच रंगवलं होतं, रंगात बेकलाइटसारखं द्रव्य मिसळून आणि भट्टीत भाजून. नाझी नेता ग्योरिंगला दुसरं एक "व्हरमेअर", म्हणजे राष्ट्रीय ठेवा, विकल्याचा आरोप झटकायला हा कबुलीजबाब त्याला द्यावा लागला, आणि तरी विश्वास बसेना म्हणून त्याला देखरेखीखाली आणखी एक रंगवून दाखवावं लागलं. ब्रेडिअसनं वाखाणलेलं ते चित्र आज बघितलं तर हसू येतं. जड पापण्या, ओढलेले गाल: १९३० च्या दशकातल्या सिनेमातले चेहरे. त्या काळातल्या माणसांना स्वतःच्या काळाचं वळण दिसलं नाही. आपल्यालाही आपल्या काळाचं दिसत नसणार.

१४. चोवीस तासांचा व्हिडिओ किंवा वर्षभर चाललेलं सादरीकरण पुरतं न बघता लिहावं का?

इथे प्रश्न ५ मधला माझा नियम लंगडा पडतो. ख्रिश्चन मार्क्लेचं २०१० चं घड्याळावरचं काम चोवीस तास चालतं. चित्रपटांतल्या हजारो तुकड्यांतली घड्याळं बाहेरच्या खऱ्या वेळेशी जुळवलेली. किती वेळ बघितलं आणि कोणत्या वेळी, हे परीक्षणात लिहा, कारण पहाटे तीन आणि दुपारी बारा ही दोन वेगळी कामं आहेत.

तेचिंग श्ये या कलाकारानं एप्रिल १९८० ते एप्रिल १९८१ असं वर्षभर दर तासाला, रात्रंदिवस, कामगारांच्या हजेरीच्या यंत्रात कार्ड टोचलं. ८,७६० पैकी १३३ वेळा हुकला. प्रत्येक वेळी फिल्मची एक चौकट घेतली. सुरुवातीला डोकं तासलेलं होतं, त्यामुळे सहा मिनिटांच्या फिल्ममध्ये केस भराभर वाढताना दिसतात. हे काम पुरतं कोणीच पाहिलेलं नाही, बघता येणारही नव्हतं. तेव्हा उरलेली कार्डं, गणवेश, फिल्म हे पुरावे म्हणून वाचायचे आणि "मी पाहिलं" ऐवजी "जे उरलं ते मी पाहिलं" असं लिहायचं.

छोट्या व्हिडिओंना ही सवलत नाही. अठरा मिनिटांचा असेल तर अठरा मिनिटं बसा.

१५. समकालीन कलेवर मराठीत लिहिताना शब्दच सापडत नाहीत. काय करू?

संज्ञांची फार काळजी करू नका. मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन), यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह), मुद्राचित्रण (प्रिंटमेकिंग) रुळलेत. क्युरेटरला, म्हणजे प्रदर्शनातली कामं निवडून मांडणाऱ्याला, "गुंफणकार" म्हणून पाहा, नाही रुचलं तर क्युरेटर ठेवा. खरी श्रीमंती क्रियापदांत आहे. रंग लिंपतात, सारवतात, घोटतात, खरवडतात, शिंपडतात. तो ओघळतो, फुटतो, झिरपतो, थिजतो. कुंचल्याचा फटकारा वेगळा आणि फराटा वेगळा. पापुद्रा, चरा, भेग, ठिपका, शिंतोडा यांतला फरक कोणालाही शिकवावा लागत नाही. "अवकाश" शब्द मात्र जपून वापरा. एका परीक्षणात तो अकरा वेळा आला होता आणि दर वेळी अर्थ निराळा. ते परीक्षण माझंच होतं.

१६. माझ्या प्रदर्शनाबद्दल चुकीचं लिहून आलंय. उत्तर देऊ का?

आधी दोन याद्या करा. माध्यम चुकलं, वर्ष चुकलं, तीन कामांची चार झाली, जलरंगाला तैलरंग म्हटलं: ही तथ्यं आहेत. लगेच आणि थोडक्यात कळवा, दुरुस्ती छापून घेणं हा तुमचा हक्क आहे. "माझी भूमिकाच कळली नाही" ही दुसरी यादी. तिच्यावर उत्तर लिहा, आठवडाभर ठेवा, मग पाठवायचं का ते ठरवा. व्हिसलरचा खर्च प्रश्न ८ मध्ये आहेच.

माझ्याकडे येणाऱ्या दुरुस्त्यांची मी वेगळी फाइल ठेवली आहे. सर्वांत जास्त चुका मापांच्या निघाल्या, त्याखालोखाल रंगांच्या नावांच्या. ती पट्टी आता वहीबरोबर पिशवीत जाते.